तळ्याकाठचा आठवडा विकणे आहे

बँकेतून लेकीचा फोन आला तेव्हा मास्तर एका वकिलाच्या कोटाची बाही उसवत होते. कोट महिन्यापूर्वीच शिवून दिलेला, पण वकिलाचं म्हणणं, हात वर केला की काखेत ओढतो, आणि त्याच्या धंद्यात हात वर करावाच लागतो. मास्तरांनी फोन मानेत धरला आणि ब्लेड चालू ठेवलं.

“बाबा, कामात आहात का?”

“कामात नसायला काय झालं? बोल.”

“ते आपलं तळ्याचं अजून चालू आहे ना?”

ब्लेड थांबलं. तळ्याचं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. बारा वर्षांपूर्वी मास्तरांनी एका कंपनीशी टाइमशेअरचा करार केला होता. दूर डोंगरात तळ्याकाठी कंपनीचं मोठं हॉटेल. तिथली एक खोली वर्षातून एक आठवडा मास्तरांची, पुढची तेहतीस वर्षं. खोलीची किंमत एकरकमी भरून झाली होती. पण त्याखेरीज दरवर्षी देखभालीचं शुल्क भरायचं, तुम्ही जा अगर जाऊ नका. आणि ते शुल्क वाढवायचा अधिकार कंपनीचा. करारावर नावं दोन होती. एक मास्तरांचं आणि दुसरं लेकीचं.

“चालू आहे की,” मास्तर म्हणाले. “का गं?”

“बँक म्हणते, तुमच्या डोक्यावर हा करार आहे आणि अजून एकवीस वर्षं राहणार आहे. तो धरून आम्ही कर्ज देऊ ते एवढंच. तेवढ्यात फ्लॅट बसत नाही हो बाबा. माझं नाव त्यातून निघाल्याचं कंपनीचं पत्र आणलं तर पूर्ण देतील. फ्लॅटवाला दोन महिने थांबतो म्हणालाय.”

“मग काढू की नाव. त्यात काय.”

फोन ठेवल्यावर मास्तर बाहीकडे बघत बसले. दुकानाच्या मागच्या बाजूला, खिडकीपाशी बसून काजं करणाऱ्या बाईंना सगळे काजवाली मावशी म्हणत. मास्तरांच्या दुकानात त्या मास्तरांच्या लग्नाआधीपासून होत्या, त्यामुळे त्यांना कान बंद करून बसायची सवय कुणी लावली नव्हती.

“अडकलं का काही?” त्यांनी विचारलं.

“अडकलंय बारा वर्षांपूर्वीच,” मास्तर म्हणाले. “कळलं आत्ता.”

करार झाला तो दिवस मास्तरांना नीट आठवत होता. भेटवस्तू मिळेल असं सांगून कंपनीने नवरा-बायकोला एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. गोल टेबलं, थंडगार हवा, समोरच्या पडद्यावर ऊन पडलेलं तळं. एक चुणचुणीत मुलगी दोघांशी असं बोलत होती, जणू आजोळी आलेली भाचीच. ते उठायला लागले की तिच्याहून वरचा कुणीतरी यायचा आणि नवा भाव सांगायचा. दुपारचे गेलेले, दिवे लागले तरी सुटले नव्हते. शेवटी बायको म्हणाली, “अहो, करा सही आणि चला. नव्या चपलेने माझे पाय सोलवटलेत.” मास्तरांनी सही केली. मग त्या मुलीने विचारलं, “मुलगी आहे ना तुम्हाला? तिचंही नाव घाला. पुढे वारसाची भानगड नको.”

लेक तेव्हा नुकतीच सज्ञान झाली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर तिला स्वतः कंपनीच्या कचेरीत घेऊन गेले आणि सही करून घेतली. परत येताना तिला म्हणाले, “आता तू तळ्याची मालकीण.” त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं. त्यांच्या स्वतःच्या बापाने त्यांच्या नावावर एक शिलाई मशीन ठेवलं होतं, तेही गहाण.

तळ्याला ते चार वेळा गेले. चांगले आठवडे कायम भरलेले असत. मास्तरांच्या वाट्याला थंडीतला शेवटचा येई. बोटी काठावर पालथ्या घातलेल्या आणि धुकं इतकं की खिडकीतून गच्चीचा कठडासुद्धा दिसू नये. “तळं आहे असं म्हणतात,” बायको खोलीत शाल गुंडाळून म्हणायची. पुढे तिचे गुडघे गेले. हॉटेल चढावर होतं, खोली दुसऱ्या मजल्यावर. जाणं बंद झालं, शुल्क बंद झालं नाही.

संध्याकाळी मास्तरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने आवाजात इतका गोडवा आणला होता की मास्तरांना आधी वाटलं, काम झालंच. करार परत घ्यायची सोय नाही, तो म्हणाला. एकाचं नाव कमी करायचीही नाही. मात्र तुमचा हक्क तुम्ही खुशाल दुसऱ्याला विकू शकता. कसा विकायचा? ते काम दलाल करतात. कुठला दलाल? ते सांगायची कंपनीला परवानगी नाही.

“म्हणजे दार उघडं आहे,” मास्तर बायकोला म्हणाले, “फक्त कुठे आहे ते सांगत नाहीत.”

“मग शोधा,” ती म्हणाली. “लेकीचं घर जाईल नाहीतर. आणि या वेळी माझ्या पायांवर ढकलायचं नाही.”

*

पहिल्या दलालाचं नाव मिळालं ते कोटवाल्या वकिलाकडून. आरशासमोर हात वरखाली करून बघत तो म्हणाला, “माझा साडू असाच फसला होता. एका बाईंनी सोडवलं त्याला. तोंडाने फटकळ आहेत, पण काम करतात.”

बाईंची कचेरी किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरचा ग्लास थरथरत असे. बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी कराराची प्रत हातात घेतली आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

“आठवडा कोणता?”

“थंडीतला. शेवटचा.”

“बोटी पालथ्या असतात तेव्हाचा.”

“तुम्ही गेलाय तिथे?”

“मी कशाला जाऊ? तुमच्यासारखे बरेच येतात माझ्याकडे. सगळ्यांचा थंडीतलाच असतो. चांगल्या दिवसांत कोण राहतं तिथे, ते मला अजून कळलेलं नाही.” त्यांनी पान उलटलं. “शुल्क थकलंय?”

“एकही वर्ष नाही.”

“तेवढं बरं केलंत. मुलगी सही करायला येईल ना?”

“तिच्यासाठीच चाललंय सगळं.” मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. “किती येतील याचे?”

“तुम्हाला? काही येणार नाहीत.”

मास्तरांना वाटलं, खालच्या मशीनमुळे आपण चुकीचं ऐकलं. पण मशीन बंद होतं.

“फुकट घेणारा मिळाला तरी नशीब समजा,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षीचं शुल्क तुम्ही भरून दिलंत तर जरा लवकर मिळेल.”

“माझी वस्तू द्यायची आणि वर मीच पैसे मोजायचे?”

“वस्तू नाही ती, ओझं आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं तर त्याला काहीतरी द्यायला नको?”

“दोन महिन्यांत होईल?”

“होईलही. नाही झालं तर सहा लागतील. मी तारीख देत नाही.”

“आणि तुमचं काय ते?”

“नाव बदलल्याचं कंपनीचं पत्र तुमच्या हातात पडलं, की घेईन. त्याआधी काही नाही.”

मास्तरांनी खिशात हात घातला. “थोडे तरी ठेवा. आगाऊ म्हणून.”

“नको.”

“तुम्हालाही बरं. काम धरल्यासारखं होईल.”

“मला बरं नाही ते,” बाई म्हणाल्या. “एकदा घेतले की तुम्ही रोज फोन करणार. घरी जा, विचार करा. करायचं असेल तर मुलीला घेऊन या.”

जिना उतरताना मास्तरांचं मन खट्टू झालं होतं. बाई खोटं बोलत होत्या असं त्यांना वाटलं नाही. पण काम मिळावं म्हणून त्यांनी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे आगाऊ घेतले नव्हते.

इथे मास्तरांच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या दुकानात आरशाच्या वर एक पाटी होती: निम्मे पैसे आगाऊ. धंद्याच्या सुरुवातीला ते घेत नसत. तेव्हा शिवलेले कपडे महिनोन्‌महिने खुंटीला लटकत. गिऱ्हाईक एक तर जाड व्हायचं नाहीतर गाव सोडून जायचं. त्या कपड्यांनी एक अख्खं कपाट भरल्यावर मास्तरांनी नियम केला, आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. आणि नियम केल्यावर त्यांना उलट बाजूही उमगली. ज्याचे पैसे घेतले त्याचं काम डोक्यात बसतं. झोपेतसुद्धा त्याची बाही दिसते. समोरच्या फुटपाथवरचा दुसरा शिंपी आगाऊ घेत नसे आणि त्याचं एकही काम वेळेवर होत नसे. पैसे घेतले की माणूस बांधला गेला, असं मास्तर नव्या माणसाला शिकवत. चाळीस वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. फक्त तो त्यांच्या दुकानापुरता हिशेब होता, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

*

दुसरा दलाल आपण होऊन आला. लेकीने एका संकेतस्थळावर चार ओळी टाकल्या होत्या: तळ्याकाठचा आठवडा विकणे आहे, शुल्क पूर्ण भरलेले. तिसऱ्या दिवशी फोन आला आणि चौथ्या दिवशी माणूस दुकानात. पस्तिशीचा, टाय लावलेला. तो आत आला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या अंगावरच्या सेंटचा वास आला, तो दुपारपर्यंत कापडांना चिकटून होता. मावशींनी त्याचं नाव तिथल्या तिथे सेंटवाला ठेवलं.

सेंटवाल्याने स्टूल ओढून घेतलं, पाणी मागून घेतलं, मास्तरांच्या शिलाईचं कौतुक केलं. त्याच्याकडे परदेशात स्थायिक झालेलं एक कुटुंब होतं. त्यांना गर्दी नको होती, बोटी नको होत्या.

“त्यांना धुकंच हवंय,” तो म्हणाला.

“धुकं भरपूर आहे,” मास्तर म्हणाले.

किंमत त्याने सांगितली ती मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी भरलेल्या रकमेच्या आसपास होती. मुदत? महिना, फार तर दीड महिना. मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

“आगाऊ किती द्यायचे?” त्यांनी विचारलं.

सेंटवाला क्षणभर गप्प राहिला. तो क्षण मास्तरांना पुढे पुष्कळदा आठवायचा. त्या माणसाने या विषयावर भाषण तयार करून आणलं असणार, आणि इथे गिऱ्हाईक आपणच मान पुढे करत होतं. मग त्याने रक्कम सांगितली. दुकानाच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढी होती.

“पावती मिळेल?”

“अर्थात. शिक्क्यासह.”

दोन पानांचा एक कागद होता, त्यावर सही करायची होती. मास्तरांनी सही केली. पावती मिळाली, शिक्का जांभळ्या शाईचा होता. माणूस बांधला गेला, त्यांना वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

तो गेल्यावर मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “मास्तर, तुमच्यापेक्षा त्यालाच घाई दिसली.”

“घाईच हवी आपल्याला.”

घरी बायकोने जेवायला वाढलं, समोर बसली आणि पावती दोन्ही बाजूंनी बघितली.

“घेणारा तयार आहे म्हणता.”

“हो.”

“मग त्या घेणाऱ्याकडून घे म्हणावं पैसे. तुमच्याकडून कशाला?”

“अगं, कामाचे आगाऊ असतात. मी नाही घेत?”

“तुम्ही कापड कापता. उद्या गिऱ्हाईक फिरलं तर कापड वाया जातं, म्हणून घेता. त्याने काय कापलंय?”

मास्तरांनी भाजीत लक्ष घातलं. उत्तर सुचलं नाही की ते जेवणात लक्ष घालत, आणि बायकोला हे माहीत होतं.

“आणि त्या किल्लीवाल्याच्या वरच्या बाई?”

“त्या म्हणतात, फुकट द्या, वर पैसे द्या, तारीख विचारू नका. असं कुणी काम करतं का? त्यांना आपल्या कामाची पडलेलीच नाही.”

“त्यांनी तुमच्याकडून काही घेतलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा,” ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

*

तीन आठवड्यांनी सेंटवाल्याचा फोन आला. कुटुंबाने होकार दिलाय. आता नाव बदलण्याची फी भरावी लागेल, ती व्यवहार झाला की परत मिळणार. मास्तरांना यातही वावगं वाटलं नाही. ते स्वतः उरलेल्या निम्म्यातला निम्मा भाग ट्रायलच्या वेळी घेत. काम पुढे सरकलं म्हणूनच दुसरा हप्ता मागतात, हा त्यांचा अनुभव. त्यांनी पैसे पाठवले. बायकोला सांगितलं नाही.

त्यानंतर फोन वाजायचा थांबला. आधी सेंटवाला प्रवासात होता, मग मीटिंगमध्ये, मग नंबर अस्तित्वात नव्हता. इकडे लेक दर दोन दिवसांनी विचारी, “बाबा, झालं का हो?” आणि मास्तर म्हणत, “होत आलं.” शिंप्याच्या तोंडी हे उत्तर इतकं बसलेलं असतं की ते खोटं आहे हे सांगणाऱ्यालाही वेगळं जाणवत नाही. आयुष्यभर ते गिऱ्हाइकांना तसंच म्हणत आले होते. पण तेव्हा निदान कापड दुकानात असे.

एक दिवस दुपारी दुकान मावशींवर सोपवून ते पावतीवरच्या पत्त्यावर गेले. उंच काचेची इमारत. आठव्या मजल्यावर एक लांब टेबल आणि टेबलामागे एक मुलगी.

“हे ऑफिस भाड्याने मिळतं, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “तासावर. ते लोक दोन महिने यायचे, आता येत नाहीत.”

“कुठे गेले?”

“आम्हाला नाही सांगत कुणी.” मग तिने समोरच्या सोफ्याकडे मान वळवली. “ते आजोबाही त्यांचीच चौकशी करायला आलेत. सकाळपासून बसलेत.”

सोफ्यावर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पिशवी धरून बसले होते. मास्तर त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

“तुमचाही थंडीतला का?” गृहस्थांनी विचारलं.

“शेवटचा आठवडा.”

“माझा त्याच्या आधीचा.” त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. “म्हणजे शेजारीच निघालो आपण.”

दोघंही काही वेळ तिथेच बसून राहिले. उठून जाण्यात काही अर्थ नव्हता आणि बसण्यातही. मुलीने त्यांना पाणी आणून दिलं. काचेच्या पलीकडे खिडक्या पुसणारा माणूस दोरावर लटकत काम करत होता. त्याचं एक तावदान झालं की तो खाली सरकायचा. तो दिसेनासा झाल्यावर मास्तर उठले.

*

लेकीला सांगणं बाकी होतं. त्यांनी तिला दुकानात बोलावलं, कारण घरी बायको होती. मावशी नेमक्या वेळी चहा सांगायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मास्तरांनी सगळं क्रमाने सांगितलं, दुसऱ्या हप्त्यासकट. बोलताना ते कात्रीच्या दोन पात्यांमधला धुरळा चिंधीने पुसत होते.

लेक ऐकत राहिली. मग म्हणाली, “मुदत परवाच संपली, बाबा.”

“फ्लॅटवाल्याला मी भेटतो. आणखी महिनाभर...”

“नको. सोय झालीये.” ती आरशाकडे बघत होती, पण स्वतःकडे नाही. “यांचे मोठे भाऊ कर्जात उभे राहतायत. फ्लॅट दोघा भावांच्या नावावर होईल. बँकेला चालतंय.”

“आणि तू?”

“मी हप्ता भरणार ना. पगार माझाही लागणारच आहे त्यात.”

“पण नाव...”

“नाव दोघांचंच. माझं घातलं की परत तळं मध्ये येतं.” तिने पर्स उचलली. “मोठे भाऊ चांगले आहेत हो. काही म्हणणार नाहीत.”

“जावईबापू काय म्हणाले?”

“म्हणाले, कागदावर काय असतं.” ती जराशी हसली. “तुम्ही आईला सांगा. मी सांगितलं तर ती आधी मला रडवेल आणि मग तुम्हाला.”

मास्तरांनी बायकोला सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने फक्त विचारलं, “म्हणजे पोरगी स्वतःच्या पैशाने दिराच्या घरात राहणार?” आणि या प्रश्नाला मास्तरांना जेवणात लक्ष घालायलाही जागा नव्हती, कारण ताट अजून मांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते किल्लीवाल्याच्या वरच्या कचेरीत गेले. खाली मशीन चालू होतं. बाईंनी त्यांना ओळखलं आणि समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलल्या.

“किती गेले?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी आकडा सांगितला.

“इतरांचे याहून जास्त गेलेत,” बाई म्हणाल्या. हे ऐकून माणसाला धीर येतो असा त्यांचा समज असावा. “सही कशावर केलीत?”

मास्तरांनी तो दोन पानांचा कागद पुढे केला. बाईंनी तोही मागच्या पानापासून वाचला. मग चष्मा काढून छातीवर सोडला.

“विकायचा हक्क तुम्ही त्याला एकट्याला लिहून दिलाय. वर्षभरासाठी. त्या काळात दुसऱ्या कुणी विकलं तरी त्याचा वाटा त्याला द्यायचा.”

“पण तो पळून गेलाय.”

“पळून गेलेला माणूस पैशाच्या वासाने परत येतो. रद्द केल्याची नोटीस पाठवू आपण, माझा ओळखीचा वकील आहे. तक्रारही करा. पण वर्ष होईपर्यंत घेणारा बिचकणार. हा कागद त्याला दाखवावाच लागेल मला. मी लपवत नाही.”

“म्हणजे आणखी एक वर्षाचं शुल्क.”

“हो. आणि ते थकवू नका. थकलं तर तेही मुलीच्या नावावर चढेल.”

मास्तरांना एकदम जाणवलं की बारा वर्षांपूर्वीच्या त्या हॉलमधून ते अजून बाहेर पडलेलेच नाहीत. फक्त टेबलं बदलत गेली आणि समोरची माणसं.

“माझ्याकडे आधी आला होतात,” बाई कागद परत देत म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “त्याच्यात काय जास्त दिसलं तुम्हाला?”

“त्याने पैसे घेतले,” मास्तर म्हणाले. “मला वाटलं, ज्याने पैसे घेतले तो काम करणार. आमच्यात तसं असतं.”

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे पटलं की हे नवीनच ऐकलं, ते कळलं नाही. “वर्षाने या,” त्या म्हणाल्या. “मुलीला घेऊन.”

*

फ्लॅटचा ताबा मिळाला आणि लेकीने आई-बाबांना बघायला बोलावलं. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, आणि पश्चिमेला मोठी खिडकी. दुपारी सगळं ऊन आत येई. मास्तर पडद्यांचं माप घ्यायला टेप घेऊनच गेले होते. बायकोचा गुडघा दुखत होता, ती खाली चटईवर पाय पसरून बसली आणि कुठे काय ठेवायचं ते लेकीला सांगू लागली. जावई ऑफिसला गेले होते.

मास्तर स्टुलावर चढले. लेकीने दुकानातून निवडलेला तागा त्यांनी खिडकीवर टाकून पाहिला, कडेची घडी केली आणि टाचण्या तोंडात धरून एकेक लावायला लागले. कापड जाड होतं, रंग मातकट निळा. ऊन अडेल, त्यांनी मनात म्हटलं. काम करताना त्यांना जरा बरं वाटत होतं. खिडकी भिंतीच्या मानाने किंचित तिरकी बसवली होती, आणि पडद्याच्या शिवणीत ते झाकता येणार होतं.

दार उघडंच होतं. इमारतीच्या कार्यालयातला एक माणूस हातात फळी आणि कागद घेऊन दारात उभा राहिला.

“नवीन आलात ना? नोंद करायची होती.” त्याने पेन काढलं. “मालकीण तुम्हीच का?”

आई बोलता बोलता थांबली. मास्तरांच्या तोंडात चार टाचण्या होत्या. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“नाही,” लेक म्हणाली. “मालक दोघं भाऊ आहेत. नावं सांगते, लिहून घ्या.”

तिने नावं सांगितली. माणसाने लिहिली.

“आणि तुम्ही?”

“मी राहते इथे,” ती म्हणाली.

माणसाने तेही लिहिलं आणि शेजारच्या दाराकडे गेला. मग लेक स्टुलापाशी आली आणि कापडाचं लोंबतं टोक जमिनीवरून उचलून हातात धरून उभी राहिली, म्हणजे बाबांना खालची घडी नीट बघता यावी.

“इतकं पुरे, की आणखी खाली?” तिने विचारलं.

मास्तरांनी तोंडातून एक टाचणी काढली, कापडात खुपसली, आणि हाताने खूण केली, आणखी जरा खाली.